सायकलीची नवी चाके

चाकावर व्याख्यान द्यायला मी काही इंजिनिअर नाही. महाविद्यालयात भूगोल शिकवतो, वय चाळिशीच्या पुढे गेले आहे, आणि राहतो बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड या गावी. पण मला सायकलीचा नाद आहे. शर्यतीत बक्षिसे मिळवण्याइतका नव्हे; रविवारी पहाटे उठून पन्नास-साठ किलोमीटर फिरून यावे आणि न्याहारीला घरी असावे, इतकाच. मागे मी माझ्या सायकलीला नवी चाके बसवली. त्यांनी जे शिकवले ते तुमच्यापुढे ठेवावे असे वाटले. त्यातला निम्मा भाग माझ्या हौसेचा आहे हे खरे. पण उरलेला निम्मा तुमच्या घरच्या सायकलीचा, आणि त्या सायकलीवर शाळेत जाणाऱ्या तुमच्या मुलीचा आहे.

आधी आमच्या रस्त्यांविषयी दोन शब्द. धाड हे बुलढाण्याहून वीस-पंचवीस किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या वाटेवर आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेचा हा प्रदेश. थोडे पुढे गेले की विदर्भाची हद्द संपते आणि मराठवाड्यातला, जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका लागतो. रान बहुतेक काळे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. पण तीच माती रस्त्याच्या पोटातही असते; म्हणून वरून डांबर कितीही छान घातले, तरी दोन पावसाळ्यांत रस्त्याला लाटा येतात. त्यात कडेच्या बाभळीचे काटे आहेतच. अशा रस्त्यावर जे चाक टिकेल ते खरे चाक!

आपल्याकडची जुनी काळी सायकल तुम्ही पाहिलीच असेल. तिच्या चाकाच्या तारा कधी मोजल्या आहेत का? पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४०. मागे जास्त का? तर बसणाऱ्याचे वजन जास्त करून मागच्या चाकावर येते, आणि कॅरिअरवरचे पोते, दुधाचे कॅन किंवा पोर हेही मागेच असते. ज्याने हा हिशेब बसवला त्याला माणसाच्या संसाराची चांगली कल्पना होती, असे म्हणावे लागेल.

माझी सायकल मात्र रस्त्यावरच्या शर्यतीच्या जातीची, वाकड्या हॅन्डलची, वजनाला नऊ किलोच्या आसपास. अशी सायकल खेड्यात चालवणारा माणूस हा थोडा चेष्टेचा विषय असतो. "सर, गाडी बिघडली का?" असे मला अजून विचारतात. पण महाराष्ट्रात हा नाद आता नवा राहिलेला नाही. नाशिकचे हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे डॉक्टर बंधू २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत दोघांत मिळून पुरी करून आले. हे अंतर सुमारे ४,८०० किलोमीटरचे. पुढे २०१७ साली आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि सैन्यातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकेकट्याने, बारा दिवसांच्या आत पुरी केली. विदर्भातला माणूस हे करू शकतो म्हटल्यावर धाडच्या मास्तरालाही हुरूप येणारच.

तर, नवी चाके. सायकलीबरोबर आलेली चाके जड होती. नवी जोडी मागवली, आणि बसवण्यापूर्वी दोन्ही जोड्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहिल्या. जुनी सव्वादोन किलोच्या जवळ, नवी दीड किलोच्या थोडी वर. सहाशे ग्रॅमचा फरक. नव्या चाकांना तारा कमी: पुढे २०, मागे २४. दिसायला मोठी देखणी.

पहिल्या दिवशी सायकल वाऱ्यासारखी पळाली, असे मला वाटले. 'वाटले' हा शब्द लक्षात ठेवा. पायडल मारताच सायकल चटकन उचल घेई. त्याला कारण आहे. चाकाच्या कडेला असलेले वजन दोन कामे करते: ते पुढे सरकते आणि शिवाय फिरते. म्हणून वेग घेताना कडेवरचा एक ग्रॅम जवळजवळ दोन ग्रॅमसारखा भासतो. वळणावरून निघताना, गर्दीत थांबून पुन्हा सुटताना हलके चाक हाताला आणि पायाला गोड लागते. ही गोष्ट खोटी नाही.

पण हौस ही हिशेबाच्या काट्यावर घालून पाहावी. मी, माझी सायकल, पाणी आणि पंक्चरचे सामान मिळून पंचाऐंशी किलो होतात. त्यात सहाशे ग्रॅम म्हणजे शंभरातला पाऊण हिस्साही नाही. बुलढाण्याहून मलकापूरकडे जाताना राजूर घाट लागतो. तो खालून वर चढायला अर्धा तास लागतो असे धरा. या अर्ध्या तासात नवी चाके मला फार तर बारा-तेरा सेकंद वाचवून देतील! एक लिटर पाण्याची बाटली वाटेत पिऊन टाकली, तरी सायकलीवरचे ओझे याहून जास्त कमी होते. आणि सपाट रस्त्यावर, एकसारख्या चालीत, वजनाचे फारसे चालतच नाही. तिथे खरा विरोधक वारा. वेग दुप्पट करायचा तर वाऱ्याशी झगडायला आठपट जोर लागतो, आणि तो वारा अडतो तो मुख्यतः आपल्या छातीवर.

मग नव्या चाकांनी काहीच दिले नाही का? दिले, पण जिथे शोधत होतो तिथे नाही. नव्या चाकांवर मी जरा रुंद टायर चढवला. पूर्वीचा २३ मिलिमीटरचा होता, हा २८ चा. पूर्वी शंभर पौंड हवा भरत असे, आता पंचाहत्तर. शर्यतीच्या सायकलीत हवा जितकी कडक तितका वेग जास्त, असे पूर्वी सगळे मानत. हे गुळगुळीत फरशीवर ठीक आहे. खडबडीत रस्त्यावर मात्र कडक टायर प्रत्येक खड्यावर उडतो, सायकल आणि माणूस दोघांना वर फेकतो, आणि पायांनी दिलेला जोर असा हिसक्याहिसक्यांत वाया जातो. थोडा मऊ, थोडा रुंद टायर खडा पोटात घेतो आणि पुढे जातो. मोठ्या शर्यतींतले धंदेवाईक सायकलपटूसुद्धा गेल्या दहा-पंधरा वर्षांत २३ वरून २५, २८ आणि त्याहून रुंद टायरांवर आले आहेत. भोकरदनकडच्या रस्त्यावर पूर्वी मनगटे बधिर होत, ती आता होत नाहीत. सहाशे ग्रॅमने जे केले नाही ते हवेने केले, आणि हवा फुकट असते.

आता चाकाची आतली गोष्ट सांगतो. बैलगाडीचे चाक आणि सायकलीचे चाक, दोन्ही गोल, दोघांनाही आरे. पण त्यांचे काम एकमेकांच्या अगदी उलट चालते. बैलगाडीत ओझे तुंब्यावरून खालच्या आऱ्यावर येते आणि तो आरा खांबासारखा ते तोलून धरतो. म्हणून आरा जाड, बाभळीच्या लाकडाचा. सायकलीची तार दोन मिलिमीटर जाडीची. तिच्यावर उभे ओझे दिले तर ती क्षणात वाकेल. मग ती दोन माणसांना कशी वाहते? तर ती मुळी खांब नाहीच. ती दोरी आहे. चाक बांधतानाच सगळ्या तारा ताणून ठेवतात. मधला हब चारी बाजूंनी सारख्याच जोराने ओढला जातो. आपण बसलो की खालच्या तारांचा ताण थोडा उतरतो, बाकीच्या आपापल्या जागी ओढून धरतात, आणि त्या सगळ्यांच्या ताणावर आपण अधांतरी बसलेले असतो.

घरची बाज डोळ्यांसमोर आणा. सुतळी ताठ असली की बाज चार माणसांना पेलते. एक फेर सैल पडला की झोळ येतो, शेजारचे फेरही सैलावतात, आणि मग सगळी वीण आवळून घ्यावी लागते. सायकलीचे चाक म्हणजे उभी केलेली, गोल बाज!

ही युक्ती माणसाला उशिरा सुचली. ताणलेल्या दोरांच्या चाकाची कल्पना इंग्लंडमधल्या जॉर्ज केली यांनी १८०८ साली मांडली, तीही उडत्या यंत्रासाठी हलके चाक हवे म्हणून. १८६९ साली पॅरिसमध्ये यूजीन मेयर यांनी तारांचे सायकल-चाक केले. १८७४ साली जेम्स स्टार्ली यांनी तारा सरळ न लावता तिरप्या, एकमेकींना छेद देणाऱ्या लावल्या. त्यामुळे पायडलचा जोर झेलायला तारा समर्थ झाल्या. आणि १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. हे डनलॉप कोण? जनावरांचे डॉक्टर. तेव्हा चाकात सुधारणा करायला चाकवालाच लागतो असे नाही.

आता माझ्या नव्या चाकाची परीक्षा कशी झाली ते ऐका. एका सकाळी बुलढाण्याकडून परतताना पाणी साचलेल्या खड्ड्यातून मागचे चाक गेले आणि 'टण्' असा आवाज झाला. एक तार तुटली होती. २४ तारांतली एक गेली म्हणजे चोविसावा हिस्सा ताकद गेली, असा आपला हिशेब. चाकाचा हिशेब तसा नसतो. ती तार उजवीकडे ओढत होती. ती जाताच रिम त्या जागी डावीकडे कलली आणि दर फेऱ्याला ब्रेकला घासू लागली. सायकल हलेना. चाळीस तारांच्या जुन्या चाकाची एक तार गेली असती, तर मी शीळ घालत घरी आलो असतो.

चालत गावात आलो आणि एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या दुकानात सायकल उलटी उभी केली. त्यांनी आधी तार पाहिली आणि मान हलवली. नव्या चाकाची तार चपटी, लांबीही वेगळी. तशी तार आमच्या भागात मिळत नाही. ती मागवून यायला आठ दिवस लागले. पण मिस्त्री म्हणाले, "घरी जाण्यापुरतं चालतं करून देतो." त्यांनी तुटक्या तारेच्या शेजारच्या, विरुद्ध बाजूच्या दोन तारा पाव-पाव फेरा सैल केल्या. चाक फिरवले. ब्रेकची गुटखी आणि रिम यांच्यामधली फट डोळ्यांनी पाहिली. पुन्हा पाव फेरा. दहा मिनिटांत रिम घासायची थांबली. मग प्रत्येक तार बोटांनी छेडून पाहिली, एकतारी जुळवावी तशी. एका बाजूच्या सगळ्या तारांचा आवाज सारखा यायला हवा. एखादी बद्द वाजली, तर ती सैल.

मी म्हटले, "मिस्त्री, जोरात ताणल्यामुळे तुटली का?" ते म्हणाले, "सर, ताणलेली तार सहसा तुटत नाही. सैल तार तुटते."

हे वाक्य मी आमच्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांना सांगितले. ते म्हणाले, अगदी बरोबर. कुंपणाची बांधायची तार तुम्ही हाताने कशी तोडता? ओढून तुटत नाही. इकडे-तिकडे वाकवत राहिलात की तुटते. सैल तार चाकाच्या दर फेऱ्याला तशीच हलते आणि हबापाशी तिचे जे कोपर असते तिथे थकून तुटते. जुन्या सायकलीचे चाक एका किलोमीटरला सुमारे साडेचारशे फेरे घेते. तुमची मुलगी चार किलोमीटरवरच्या शाळेत जात असेल, तर जाऊन-येऊन रोजचे छत्तीसशे फेरे झाले. शाळेचे दोनशे वीस दिवस धरले, तर वर्षाला जवळजवळ आठ लाख. आठ लाख वेळा सैल तार हलणार!

आणि इथे, श्रोतेहो, हौसेची गोष्ट संपते आणि कामाची सुरू होते.

सायकल आणि मुलीचे शिक्षण यांचा संबंध मी भावनेने जोडत नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकल द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्या योजनेमुळे माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत हा फायदा सर्वांत जास्त दिसला. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या आहेत. ज्यांना त्या मिळाल्या नाहीत, त्यांच्यापैकी अनेकींच्या बापाने कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या पैशांतून सायकल घेऊन दिली आहे.

पण कोणत्याही गावात फिरून पाहा. गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असलेली सायकल दिसेल. चाक डुगडुगते, ब्रेकला घासते. "चाक आऊट झालंय," एवढेच उत्तर मिळते. टायर गेला असता तर बापाने आणला असता. चेन तुटली असती तर जोडली असती. पण आऊट काढणारा माणूस गावात नाही. जुने मिस्त्री थकले. त्यांची मुले मोटारसायकली दुरुस्त करू लागली, त्यात चार पैसे जास्त मिळतात, त्यांना दोष कसा द्यावा? मोटारसायकलीला आता बहुतेक ओतीव चाके येतात; त्यांना तार नाही आणि आऊटही नाही. तेव्हा पाव-पाव फेऱ्याची ही विद्या कोणी शिकतच नाही. सायकल भिंतीला लागते, मुलगी चार दिवस चालत जाते, पाऊस आला की घरी राहते. पुढचे तुम्हीच जाणता.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. तारांचा पाना ही फार स्वस्त, मुठीत मावणारी वस्तू आहे. तो एक पाना आणि थोड्या जादा तारा शाळेत आणून ठेवा. एखाद्या शनिवारी गावातल्या किंवा शेजारगावच्या मिस्त्रींना मानाने बोलवा, आणि आठवी-नववीच्या मुलामुलींना आऊट काढायला शिकवा. शिकवायला तीन गोष्टी पुरेत.

पहिली गोष्ट, पाहणे. सायकल उलटी करून चाक फिरवायचे आणि ब्रेकची गुटखी व रिम यांतली फट पाहायची. फट जिथे कमी-जास्त होते तिथे खडूने खूण करायची.

दुसरी, ऐकणे. तारा छेडायच्या. एका बाजूच्या तारांचा आवाज सारखा हवा. मागच्या चाकात उजव्या आणि डाव्या बाजूचा आवाज एकमेकांहून वेगळा येऊ शकतो, त्याला भ्यायचे नाही. एकाच बाजूच्या तारा आपसांत जुळल्या म्हणजे झाले.

तिसरी, धीर धरणे. रिम डावीकडे गेली असेल, तर त्या जागी उजवीकडची तार पाव फेरा आवळायची आणि डावीकडची पाव फेरा सैल करायची. पुन्हा फिरवायचे, पुन्हा पाहायचे. एकदम पूर्ण फेरा मारणारा हात चाक बिघडवतो.

यात विज्ञानाचा धडा आहे, हाताला काम आहे, आणि मुलीच्या हातात तिची स्वतःची सायकल राहते, हा सर्वांत मोठा लाभ. आठवड्यातून एकदा हवा भरणे आणि महिन्यातून एकदा तारा छेडून पाहणे, एवढ्यावर चाक वर्षानुवर्षे चालते.

जे नवी सायकल किंवा नवी चाके घेणार असतील त्यांनाही सांगतो. दुकानदार तुम्हाला वजन सांगेल, रंग दाखवेल, चकचकीत रिम फिरवून दाखवेल. तुम्ही त्याला एकच विचारा: याची तार तुटली तर ती माझ्या बाजारच्या गावी मिळेल का? उत्तर 'हो' असेल तर ते चाक तुमचे. शर्यतवाल्याच्या मागे मदतीची गाडी असते आणि गाडीत दुसरे चाक असते. आपल्या मागे कोणी नसते. म्हणून आपल्याला तारा जास्त असलेले चाकच परवडते.

माझ्या नव्या चाकांचे काय झाले, असे विचाराल. ती अजून आहेत. रविवारी वापरतो, त्यांची चपटी तार आता चार जादा नग घरात ठेवलेली आहे. रोजच्या कामाला मात्र मागे ३६ तारांचे साधे चाक बांधून घेतले, त्याच मिस्त्रींकडून. ते बांधत असताना मी शेजारी बसून पाहिले, आणि शेवटच्या पाव फेऱ्यांसाठी त्यांनी पाना माझ्या हातात दिला. चाक अजून सरळ आहे.

चाकातल्या प्रत्येक तारेला आपला ताण धरून ठेवावा लागतो, म्हणून कुठलीच तार एकटी मोडत नाही. ही तार आवळायला शिकलेला एक हात प्रत्येक शाळेत असावा, एवढेच मागणे. तुमच्या घरच्या भिंतीला एखादी सायकल टेकलेली असेल, तर आज संध्याकाळी ती उलटी करा आणि चाक फिरवून पाहा.